खाचरातील पाणी आणि जालकातील कण

(पिरंगुट, तालुका मुळशी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पुण्याहून कोलाडकडे जाणारा रस्ता भूगाव आणि भुकूम ही गावे मागे टाकून एक लहानसा घाट ओलांडतो आणि पिरंगुटला येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आज कारखान्यांची छपरे दिसत असली, तरी आडवाटेला वळताच भाताची खाचरे दृष्टीस पडतात. मुळशी तालुक्याची खरी ओळख या खाचरांत आहे. उतारावरची जमीन तुकड्यातुकड्यांनी सपाट करावयाची, प्रत्येक तुकड्याला बांध घालावयाचा आणि पाणी किती ठेवावयाचे व किती सोडावयाचे हे बांधाच्या उंचीने ठरवावयाचे, ही विद्या येथील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे.

प्रवाहाचे नियंत्रण म्हणजे काय, हे या तालुक्याने मोठ्या प्रमाणावरही पाहिले आहे. मुळा नदीचे पाणी स्वाभाविकपणे पूर्वेकडे, भीमेकडे जावयाचे. मुळशीच्या धरणाने ते अडविले आणि सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेकडे, रायगड जिल्ह्यातील भिरा येथील वीजगृहाकडे वळविले. त्या विजेवर मुंबईची चाके फिरली. परंतु त्याच धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला. प्रवाहावर सत्ता मिळविण्यात लाभ असतो, तसाच त्या सत्तेचा हिशेब देण्याची जबाबदारीही असते, हे या भूमीला सांगावे लागत नाही.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय याच कल्पनेचा एक अतिसूक्ष्म आविष्कार आहे. येथे पाण्याच्या जागी अणू किंवा इलेक्ट्रॉन आहे, खाचरांच्या जागी अणूंची किंवा प्रकाशाची नियमित मांडणी आहे. या मांडणीला भौतिकशास्त्रात जालक म्हणतात. जालकातील पुंजकण केव्हा चालावा, केव्हा थांबावा आणि कोणत्या दिशेने वळावा, हे मनुष्याच्या इच्छेने ठरविता येते काय, हा गेल्या शंभर वर्षांतील एक मूलभूत प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्याच्या कामात गोव्यात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा आणि पिरंगुटपासून फार दूर नसलेल्या पाषाण येथील एका प्रयोगशाळेचा वाटा आहे. म्हणूनच या विषयाची ओळख येथील शिक्षकांना आणि लोकप्रतिनिधींना असणे अगत्याचे आहे.

कण आणि तरंग

मिठाचा खडा, तांब्याची तार किंवा लोखंडाचा तुकडा घेतला, तर त्यातील अणू अस्ताव्यस्त पडलेले नसतात. दोरी धरून केलेल्या भातलावणीत जशी प्रत्येक चुडाची जागा ठरलेली असते, तसे अणू ठरावीक अंतरावर उभे असतात. दोन अणूंमधील अंतर एका मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाहूनही कमी असते. तांब्याच्या तारेतून वीज वाहते, म्हणजे या दाट मांडणीतून इलेक्ट्रॉन वाट काढतात. अणूंची एवढी गर्दी असताना इलेक्ट्रॉनांना पदोपदी ठेच का लागत नाही, हे कोडे शास्त्रज्ञांना पडले होते.

हे कोडे १९२८ साली फेलिक्स ब्लॉख या तरुण संशोधकाने सोडविले. त्यापूर्वी १९२४ साली द ब्रॉग्ली यांनी असे प्रतिपादन केले होते की, इलेक्ट्रॉनासारखा कण हा तरंगाप्रमाणेही वागतो. ब्लॉख यांनी दाखवून दिले की, मांडणी पूर्णपणे नियमित असेल, तर तरंगरूपी इलेक्ट्रॉन तिच्यातून अडथळ्याविना जाऊ शकतो. अडथळा अणूंच्या असण्यामुळे होत नाही. तो मांडणीतील दोषांमुळे, भेसळीमुळे आणि उष्णतेने होणाऱ्या अणूंच्या थरथरण्यामुळे होतो. तार तापली की तिचा विरोध वाढतो, हा शाळेतील धडा याच सिद्धान्ताचा एक भाग आहे.

तरंगरूपाचा दुसरा परिणाम अधिक विस्मयकारक आहे. खाचरातील पाणी बांधाच्या वर चढल्याखेरीज शेजारच्या खाचरात जात नाही. पुंजकणाला मात्र बांध ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही तो काही काळाने बांधापलीकडे आढळू शकतो. बांधाला भोक पडलेले नसते आणि कण त्यावरून उडीही मारीत नाही. त्याच्या तरंगाचा क्षीण अंश बांधातून पलीकडे पोहोचलेला असतो. यास बोगदा परिणाम असे म्हणतात. बांधाची उंची किंवा रुंदी थोडी वाढविली तरी हा परिणाम झपाट्याने घटतो. अर्थात ज्याच्या हाती बांधाची उंची, त्याच्या हाती कणाची चाल, हे नियंत्रणाचे पहिले सूत्र होय.

उतार असूनही न घसरणारा कण

आता अशी कल्पना करावी की, खाचरांची ही रांग एका बाजूला कलती केली. पाणी उताराने वाहू लागेल, यात शंका नाही. मग जालकातील इलेक्ट्रॉनाला विद्युत् क्षेत्राने एकाच दिशेने सतत ओढले, तर तोही त्या दिशेने धावत सुटेल, असे वाटणे साहजिक आहे. ब्लॉख आणि पुढे १९३४ साली झेनर यांच्या विवेचनातून याच्या नेमका उलट निष्कर्ष निघाला. निर्दोष जालकात सतत ओढला जाणारा पुंजकण थोडा पुढे जातो, थांबतो, मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो. तो झोपाळ्याप्रमाणे हेलकावे घेत राहतो. या हेलकाव्यांना ब्लॉख आंदोलने असे नाव आहे.

असे असेल तर घरातील दिव्याला वीज कशी मिळते, असा प्रश्न चिकित्सक श्रोत्याच्या मनात येणे योग्यच आहे. त्याचे उत्तर असे की, साध्या तारेत एक हेलकावा पूर्ण होण्याच्या फार आधी इलेक्ट्रॉन कोठल्या तरी दोषावर किंवा थरथरणाऱ्या अणूवर आदळतो आणि त्याची पुढची-मागची लय मोडते. लय मोडली म्हणूनच प्रवाह वाहतो. नेहमीच्या व्यवहारात ज्याला दोष म्हटले जाते, त्याच्यामुळेच तारेतून वीज मिळते, ही निसर्गाची एक गमतीची गोष्ट आहे.

ब्लॉख आंदोलने प्रत्यक्ष पाहण्यासाठी अतिशय स्वच्छ जालक हवे होते. थंड केलेले अणू आणि प्रकाशाचे जालक यांच्या साहाय्याने १९९६ साली पॅरिस येथील शास्त्रज्ञांनी ती दाखविली. पुढे २००६ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे स्ट्रॉन्शियमचे अणू उभ्या जालकात ठेवण्यात आले. गुरुत्वाकर्षण त्यांना खाली ओढीत होते; परंतु ते खाली न पडता सेकंदाला सुमारे ५७५ वेळा हेलकावे घेत राहिले. हेलकाव्यांची ही संख्या गुरुत्वाकर्षणाच्या बळावर अवलंबून असल्यामुळे, ती मोजली की ते बळही मोजले जाते.

गोव्याच्या संशोधकाचे कार्य

सततच्या ओढीऐवजी मागेपुढे होणारी ओढ लावली तर काय होईल, हा पुढचा प्रश्न होय. येथे डॉ. वासुदेव केंकरे यांच्या कार्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. गोव्यात जन्मलेल्या केंकरे यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिक्षण घेतले. पुढे अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात त्यांनी अध्यापन व संशोधन केले. तेथे डेव्हिड डनलॅप यांच्यासह त्यांनी १९८६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जालकातील विद्युत्‌भारित कणावर आलटून पालटून दोन्ही दिशांनी बल लावले, तर त्याची चाल कशी होते, याचे गणित त्यात मांडलेले आहे.

घरातील चाळणीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. चाळणीच्या मध्यभागी मूठभर तांदूळ ठेवून ती हलविली, तर तांदूळ पसरतो. जोराने हलवावी तितका तो अधिक पसरतो, हा सर्वांचा अनुभव आहे. केंकरे आणि डनलॅप यांच्या गणिताने दाखविले की, पुंजकणाच्या बाबतीत हलविण्याचा जोर आणि हलविण्याची कंप्रता यांचे विशिष्ट गुणोत्तर साधले, तर कण मुळीच पसरत नाही. प्रत्येक फेरीअंती तो जेथून निघाला तेथेच परत येतो. हलविणे थांबविले, तर मात्र तो पसरू लागतो! या घटनेस गतिक स्थानबद्धता असे म्हणता येईल.

हे का घडते? बाहेरचे बल शेजारच्या दोन खाचरांच्या ऊर्जेत फरक निर्माण करते. बल उलटले की हा फरकही उलटतो. त्यामुळे एका खाचरातून दुसऱ्यात जाणाऱ्या तरंगाची कला, म्हणजे त्याचा चढ-उतार, सतत पुढेमागे होत राहते. एका फेरीत कधी चढाच्या बाजूचा हातभार लागतो, तर कधी उताराच्या बाजूचा. विशिष्ट गुणोत्तर असताना या दोहोंची बेरीज शून्य येते आणि शेजारी जाण्याची क्रिया सरासरीने बंद पडते. खाचरांमधील ऊर्जेचा सर्वांत मोठा फरक हा हलविण्याच्या कंप्रतेशी निगडित असलेल्या ऊर्जापुंजाच्या सुमारे २.४०५ पट असला, की हे प्रथम घडते. गणितात बेसेल फलन म्हणून जे प्रसिद्ध आहे, त्याचे हे पहिले शून्यस्थान होय. कण केवळ शेजारच्याच खाचरात जाऊ शकतो, हे यात गृहीत धरलेले आहे.

या निष्कर्षाचे महत्त्व असे की, बांधाला हातही न लावता कणाची चाल मंद करता येते, बंद करता येते, आणि गुणोत्तर त्याच्या पुढे नेले तर तिचे चिन्हही उलटविता येते. बांधाची उंची हे नियंत्रणाचे पहिले साधन, तर तालबद्ध हलविणे हे दुसरे. कागदावर केलेल्या या गणिताचा पडताळा पुढे अनेक ठिकाणी आला. २००७ साली इटलीतील पिसा येथे एन्निओ अरिमोन्दो यांच्या सहकाऱ्यांनी अतिशीत अणूंचे प्रकाश-जालक तालबद्ध रीतीने हलविले. गणिताने सांगितलेल्या गुणोत्तराशी येताच अणूंचे पसरणे थांबले. निबंध आणि हा पडताळा यांच्यात २१ वर्षांचे अंतर आहे. मूलभूत संशोधनाला लगेच फळ का येत नाही, असे विचारणाऱ्यांनी हे अंतर ध्यानात घ्यावे.

प्रकाशाची खाचरे

प्रकाशाचे जालक ही कल्पना येथे थोडी अधिक स्पष्ट करावयास हवी. दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरे टोक योग्य तालावर हलविले, तर दोरीत काही ठिकाणे स्थिर राहतात आणि त्यांच्या मधले भाग जोरात हलतात. यास स्थिर तरंग म्हणतात. समोरासमोरून येणारे दोन लेसर किरण एकमेकांत मिसळले की प्रकाशाचाही असाच स्थिर तरंग बनतो. त्यात उजेडाचे व अंधाराचे पट्टे ठरावीक अंतरावर उभे राहतात. लेसरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर असेल, तर दोन पट्ट्यांमधील अंतर तिच्या निम्मे, म्हणजे ५३२ नॅनोमीटर येते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशी शंभराच्या आसपास खाचरे मावतील. लेसरची तीव्रता वाढविली की बांध उंच होतात, कमी केली की सखल होतात.

या नाजूक खाचरांत साध्या तापमानाचे अणू टिकत नाहीत. त्यांचा वेग सेकंदाला शेकडो मीटर असतो. म्हणून त्यांना आधी थंड करावे लागते. पहिल्या टप्प्यात लेसरच्याच साहाय्याने अणूंचा वेग कमी केला जातो. ही पद्धत विकसित करणाऱ्या स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा टप्पा घरोघरच्या माठासारखा आहे. माठातील पाण्याचे अधिक चपळ कण वाफ होऊन निघून जातात आणि उरलेले पाणी गार होते. त्याचप्रमाणे चपळ अणूंना बाहेर जाऊ दिले की उरलेले अणू अतिशीत होतात. या रीतीने १९९५ साली अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी तापमानाला नेले. त्या वेळी हजारो अणू जणू एकाच तरंगाचे अंग बनले. या अवस्थेचे भाकीत सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांच्या १९२४-२५ मधील कार्यातून झालेले होते, ही भारतीयांना अभिमानाची गोष्ट आहे.

१९५८ साली फिलिप अँडरसन यांनी दाखविले होते की, जालकात पुरेशी अनियमितता असेल तर तरंग पसरूच शकत नाही; तो एका जागी अडकून पडतो. अतिशीत अणूंनी या भाकिताचाही प्रत्यय २००८ साली दिला. त्याआधी २००२ साली म्युनिक येथे प्रकाश-जालकाचे बांध हळूहळू उंच करण्यात आले, तेव्हा दीड लाखांहून अधिक खाचरांत मुक्तपणे पसरलेले अणू मोजून वाटल्याप्रमाणे आपापल्या खाचरांत स्थिर झाले. बांध पुन्हा खाली आणताच ते पूर्ववत मुक्त झाले. एका पदार्थाचे वाहक आणि अवाहक असे दोन्ही स्वभाव केवळ प्रकाशाची तीव्रता बदलून घडवून आणता येतात, हे यातून सिद्ध झाले.

पाषाण येथील प्रयोग

पिरंगुटहून पुण्याकडे जाताना चांदणी चौकाच्या अलीकडे-पलीकडे जी वस्ती पसरली आहे, तिला लागूनच पाषाण आहे. तेथे २००६ साली भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, म्हणजे सर्वपरिचित आयसर, स्थापन झाली. या संस्थेतील डॉ. उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत रुबिडियमचे अतिशीत अणू तयार केले जातात. डॉ. एम. एस. संथानम आणि डॉ. रापोल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग २०१७ साली भौतिकशास्त्रातील एका अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रयोगात प्रकाशाचे जालक सतत पेटते ठेवलेले नव्हते. ते ठरावीक वेळाने क्षणभर पेटवून विझविले जाई. प्रत्येक वेळी अणूंना एक धक्का बसे. साध्या यांत्रिकीप्रमाणे, अशा धक्क्यांनी अणूंची ऊर्जा वाढतच जावयास हवी. परंतु पुंजकणाच्या बाबतीत काही धक्क्यांनंतर ही वाढ थांबते. धक्के बसत राहिले तरी कण ऊर्जा घेत नाही. त्याच्या वेगाच्या पायऱ्यांचे जे जालक बनते, त्यात तो अडकून पडतो. फिशमन, ग्रेम्पेल आणि प्रँज यांनी १९८२ साली दाखविल्याप्रमाणे, ही घटना आणि अँडरसन यांची स्थानबद्धता यांचे गणित मुळात एकच आहे.

असे अडकणे तरंगाच्या लयीवर अवलंबून असते. लयीत गोंगाट मिसळला की ती बिघडते आणि कण पुन्हा साध्या कणाप्रमाणे पसरू लागतो. पुण्याच्या संशोधकांनी विचारलेला प्रश्न असा होता: गोंगाट कसाही असला तरी लय सारख्याच वेगाने बिघडते काय? त्यांनी मधले काही धक्के वगळले. हे वगळणे अशा रीतीने केले की, दोन खंडांमधील काळ कधी अगदी थोडा, तर कधी फारच दीर्घ असावा. तेव्हा असे दिसून आले की, लय एकदम ढासळत नाही. ती फार सावकाश ओसरते आणि कणांचे पसरणेही नेहमीपेक्षा मंद राहते. गोंगाटाचे प्रमाण तर महत्त्वाचे आहेच, पण त्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे, असा या प्रयोगाचा निष्कर्ष सांगता येईल. पुंजसंगणकासारख्या यंत्रांचा मुख्य शत्रू गोंगाट हाच असल्यामुळे अशा अभ्यासाचे मोल मोठे आहे.

उपयोग आणि राष्ट्रीय योजना

या ज्ञानाचा सर्वांत परिपक्व उपयोग कालमापनात झाला आहे. जपानचे हिदेतोशी कातोरी यांनी २००१ साली प्रकाश-जालकात अणू ठेवून घड्याळ करण्याची कल्पना मांडली. आजची उत्तम जालक-घड्याळे इतकी अचूक आहेत की, विश्वाच्या वयाइतक्या काळातही त्यांची चूक एका सेकंदाहून कमी राहावी. असे घड्याळ एक सेंटीमीटर वर उचलले तरी गुरुत्वाकर्षणातील फरकामुळे त्याच्या चालीत होणारा बदल मोजता येतो. उपग्रहांद्वारे स्थाननिश्चिती, दूरसंचार आणि वीजजाळ्यांचा मेळ या साऱ्यांचा पाया अचूक काळ हाच आहे.

दुसरा उपयोग गुरुत्वमापनाचा. मुक्तपणे पडणाऱ्या थंड अणूंच्या उपकरणाने २०२२ साली ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी रस्त्याखाली गाडलेला बोगदा जमीन न खोदता शोधून दाखविला. जमिनीखालची पोकळी किंवा पाणी यांचा अंदाज घेण्याचे काम अशी उपकरणे पुढे करू शकतील. परंतु आज ती गावोगावी नेण्याजोगी झालेली नाहीत, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

केंद्र शासनाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी त्यास ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. पुंजसंगणक, सुरक्षित संदेशवहन, संवेदन व मापन, आणि साहित्य व उपकरणे असे त्याचे चार विभाग आहेत. त्यांपैकी संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आहे. पुण्याच्या आयसरमध्येही आंतरविद्याशाखीय सायबर-भौतिक प्रणालींच्या राष्ट्रीय योजनेखाली क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र उभे राहिले आहे. एवढा सार्वजनिक निधी ज्या विषयावर खर्च होतो, तो विषय लोकांना समजेल अशा भाषेत मांडला जाणे हा लोकांचा हक्क आहे.

अशा प्रयोगशाळांना केवळ शास्त्रज्ञ पुरत नाहीत. हवा जवळजवळ पूर्णपणे काढून टाकलेली पोलादी पात्रे, केसभरही न हलणारे आरसे, अचूक विद्युत्‌मंडले हे सारे कुशल कारागिरांच्या हातून घडते. ज्या परिसरात यंत्रकामाची परंपरा रुजली आहे, तेथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना निर्वात तंत्र, सूक्ष्म जोडकाम आणि प्रकाशीय उपकरणे यांची ओळख करून दिल्यास त्यांना एक नवे क्षेत्र खुले होईल.

शाळा आणि पंचायत यांचे कर्तव्य

एक धोका येथे निदर्शनास आणणे अगत्याचे आहे. नवे शास्त्र आले की त्याच्या नावाचा बाजार मांडणारेही येतात. क्वांटम हा शब्द छापलेली कडी, पदके, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आणि सर्व रोगांचे निदान करणारी खोकी विकली जातात. गुडघेदुखीने त्रस्त झालेली म्हातारी माणसे आणि आजारी मुलांचे पालक त्यांवर कष्टाचे पैसे घालवितात. त्याहून वाईट म्हणजे वेळेवर डॉक्टरकडे जाणे टाळले जाते.

या दाव्यांची पारख करण्यास वर सांगितलेले शास्त्रच पुरेसे आहे. एका अणूची लय टिकविण्यासाठी प्रयोगशाळेत हवा काढून टाकावी लागते, तापमान निरपेक्ष शून्याजवळ न्यावे लागते आणि गोंगाट पदोपदी मोजावा लागतो. गळ्यात घातलेल्या पदकावर तर क्षणोक्षणी हवेचे असंख्य रेणू आदळत असतात. त्यातून पुंजशक्ती शरीरात वाहते, या म्हणण्याला कोणताही आधार नाही. ट्रान्झिस्टर आणि एलईडी दिवा हेही पुंजनियमांवरच चालतात, हे खरे; परंतु त्यांचा गुण कोणालाही मोजून दाखविता येतो. विक्रेत्याला काय मोजले, कशाने मोजले आणि दुसऱ्या कोणी मोजले असता तेच आले काय, हे तीन प्रश्न विचारावेत. रोग बरा करण्याच्या फसव्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा कायदा आहे. गावात असा बाजार भरू देण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी त्याचे स्मरण ठेवावे आणि संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाला कळवावे.

शाळेत या विषयाचे बीज रोवण्यास खर्च लागत नाही. दोन खुंट्यांना एक सैलसर दोरी बांधावी. तिला सारख्या लांबीच्या दोन दोऱ्यांनी दोन सारखे दगड टांगावेत. एका दगडाला झोका दिला, की थोड्या वेळाने तो स्वतः थांबतो आणि दुसरा झुलू लागतो. मग हालचाल पुन्हा पहिल्याकडे परत येते. एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाणाऱ्या तरंगाचे हे सोपे प्रतिरूप आहे. आता एका दगडाची दोरी आखूड करावी. हालचाल पूर्णपणे दुसऱ्याकडे जात नाही, असे आढळेल. सारखेपणा असला की चाल पसरते, विषमता आली की ती अडकते, हे अँडरसन यांच्या सिद्धान्ताचे मर्म मुलांना डोळ्यांनी पाहता येईल. पाच दगडांची रांग केली, तर लहानसे जालकच तयार होईल. त्यांतील झोके मोजून वहीत लिहिणारा विद्यार्थी उद्या पाषाणच्या प्रयोगशाळेत काम करण्यास पात्र ठरू शकेल.

मुळशीच्या शेतकऱ्याला बांधाची उंची ठरविताना वरच्या आणि खालच्या खाचराचा विचार करावा लागतो. आपल्या बांधाने दुसऱ्याचे पीक बुडू नये, ही त्याची जाण आहे. अणूंच्या प्रवाहावर मिळालेल्या नव्या सत्तेलाही याच जाणिवेची जोड हवी. कोणत्या कामासाठी किती खर्च झाला, काय साधले आणि काय साधले नाही, याचा हिशेब संशोधकांनी लोकांच्या भाषेत द्यावा. शिक्षकांनी तो समजून घेऊन वर्गात पोहोचवावा. लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी त्याविषयी प्रश्न विचारावेत. या तिघांच्या सहकार्याने पाषाणची प्रयोगशाळा आणि पिरंगुटची शाळा यांच्यातील अंतर कमी झाले, तरच शास्त्राचे हे पाणी गावाच्या खाचरापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.